मुंबई लोकलने पहिल्यांदा प्रवास करताना: तिकीट, डबा, फास्ट-स्लो आणि उतरण्याची तयारी

मुंबईत बाहेरगावाहून कोणी उपचारासाठी येते, कोणी मुलाखतीला, कोणी मंत्रालयातल्या कामाला, तर कोणी नातेवाइकांकडच्या लग्नाला. फोनवर घरचे सांगतात, "लोकल पकड, अर्ध्या तासात पोचशील." सांगणारा रोज लोकलने जातो, त्यामुळे त्यात काही अवघड आहे असे त्याला वाटत नाही. नवखा माणूस मात्र स्टेशनवर उभा राहून समोरून सुटणाऱ्या गाड्या बघत राहतो. कोणती आपली, कुठे उभे राहायचे, आत शिरल्यावर बाहेर कसे पडायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

लोकल समजायला अवघड नाही. अडचण वेळेची आहे. मधल्या स्टेशनांवर गाडी साधारण २० ते ३० सेकंद थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरतात, चढणारे चढतात आणि गाडी सुटते. म्हणून लोकलचे सगळे निर्णय गाडी येण्याआधी घ्यावे लागतात: कोणती गाडी, कोणता डबा, कुठे उतरायचे. एखादी गोष्ट ठरली नसेल तर ती गाडी सोडून द्यावी. मुख्य मार्गांवर दिवसा काही मिनिटांत दुसरी गाडी येते. मुंबईकर धावत गाडी पकडतो म्हणून नवख्यानेही पकडायला हवी, असे अजिबात नाही.

लोकलचे मार्ग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. ते अंतर सुमारे ३४ किलोमीटर होते. आजची मध्य रेल्वेची लोकल त्याच वाटेने जाते. विजेवर चालणारी देशातली पहिली गाडीही मुंबईतच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर सुरू झाली. आज उपनगरी रेल्वेच्या रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. नवख्या प्रवाशाला पुढचे मार्ग माहीत असले की पुरते.

- पश्चिम मार्ग: चर्चगेट ते विरार आणि पुढे डहाणू रोड. मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली ही यावरची मोठी स्टेशने.
- मध्य मार्ग: सीएसएमटी ते कल्याण. दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली ही मोठी स्टेशने. कल्याणला दोन फाटे फुटतात. एक टिटवाळा, आसनगाव करत कसाऱ्याला जातो, तर दुसरा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत कर्जत आणि खोपोलीला.
- हार्बर मार्ग: सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशी करत पनवेल. वडाळ्याहून दुसरा फाटा वांद्रे, अंधेरीमार्गे गोरेगावला जातो.
- ट्रान्स-हार्बर मार्ग: ठाण्याहून वाशी आणि पनवेलकडे.
- उरण मार्ग: नेरूळ आणि बेलापूरहून उरणकडे. उरणपर्यंतची सेवा २०२४ मध्ये सुरू झाली.

मार्ग बदलण्याच्या जागाही मोजक्याच आहेत. पश्चिम आणि मध्य मार्ग दादरला भेटतात. मध्य आणि हार्बर कुर्ल्याला, मध्य आणि ट्रान्स-हार्बर ठाण्याला, तर पश्चिम आणि हार्बर वांद्रे, अंधेरीला भेटतात. मार्ग बदलला तरी वेगळे तिकीट लागत नाही. ठाण्याहून अंधेरीला जाणारा माणूस एकाच तिकिटावर दादरला गाडी बदलतो.

आधी स्टेशनचे नाव आणि बाजू नक्की करावी

मुंबईत एकाच स्टेशनला तीन-तीन नावांनी ओळखतात. वयस्कर माणूस "व्हीटी" म्हणतो, दुसरा "सीएसटी" म्हणतो आणि पाटीवर सीएसएमटी असते. तिन्ही एकच: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १९९६ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव बदलले आणि २०१७ मध्ये त्यात "महाराज" हा शब्द आला. एल्फिन्स्टन रोडचे नाव २०१८ पासून प्रभादेवी आहे, पण जुने नाव अजून बोलण्यात येते.

दुसरा घोटाळा मुंबई सेंट्रलचा. नावात सेंट्रल असले तरी हे स्टेशन पश्चिम रेल्वेवर आहे. "सेंट्रलला उतर" असे कोणी सांगितले तर त्याला मध्य मार्ग म्हणायचे आहे की मुंबई सेंट्रल स्टेशन, हे विचारून घ्यावे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचे टर्मिनस आणि त्याच नावाचे लोकल स्टेशन नेहमी एकाच जागी असते असे नाही. वांद्रे टर्मिनस वांद्र्याच्या लोकल स्टेशनपासून दूर आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक "कुर्ला टर्मिनस" म्हणतात, पण तिथून कुर्ल्याच्या लोकल स्टेशनला जायला रिक्षा किंवा बस लागते. हार्बर मार्गावरचे टिळकनगर स्टेशन टर्मिनसपासून चालत जाण्याजोगे आहे.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पूर्व आणि पश्चिम. रुळांमुळे जवळजवळ प्रत्येक उपनगराचे दोन भाग झाले आहेत. पत्त्यात "अंधेरी पूर्व" लिहिले असेल तर स्टेशनबाहेर पूर्वेलाच पडले पाहिजे. चुकीच्या बाजूला उतरलेला माणूस रिक्षात बसला तर पूल किंवा सबवे गाठून वळसा घ्यावा लागतो आणि अर्धा तास सहज जातो. पत्ता विचारताना स्टेशनचे नाव, पूर्व की पश्चिम आणि जवळची खूण या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात.

तिकीट कुठे आणि कोणते

तिकीट स्टेशनवरच्या खिडकीवर मिळते. रांग मोठी असेल तर एटीव्हीएम ही तिकिटाची यंत्रे असतात. बऱ्याच ठिकाणी यंत्राजवळ रेल्वेने नेमलेला माणूस तिकीट काढून देतो. मोबाइलवर रेल्वेच्या ॲपमधूनही तिकीट निघते. २०२५ मध्ये रेल्वेने यासाठी "रेलवन" हे ॲप आणले. मोबाइल तिकिटाच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रुळांच्या अगदी जवळ किंवा फलाटावर पोचल्यावर ते निघत नाही, म्हणून स्टेशनात शिरण्याआधीच काढावे. आणि तपासनिसाला ॲपमधलेच तिकीट दाखवावे लागते, स्क्रीनशॉट चालत नाही.

भाडे फार नाही. सेकंड क्लासचे किमान भाडे ५ रुपये आहे. फर्स्ट क्लासचे भाडे त्याच्या कितीतरी पट असते. एसी लोकल ही वेगळी गाडी असते आणि तिचे तिकीटही वेगळे. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली ते चर्चगेट धावली. एसी लोकलचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल आणि वेळ जुळत असेल तर ती सोयीची पडते. मात्र साधे तिकीट घेऊन तिच्यात चढल्यास दंड होतो.

लोकलचे तिकीट काढल्यापासून एका तासाच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी काढून दुपारी वापरायचे ठरवले तर ते बाद होते. विनातिकीट किंवा चुकीच्या वर्गात सापडल्यास भाड्याखेरीज किमान २५० रुपये दंड भरावा लागतो. "माहीत नव्हते" हे कारण तिथे चालत नाही. स्टेशनला प्रवेश करताना कुठे दार-फाटक नसते, कोणी तिकीट विचारत नाही, म्हणून तिकीट लागत नाही असा अनेकांचा समज होतो. तपासनीस नेमका उतरल्यावर पुलावर उभा असतो. नुसते कोणाला सोडायला फलाटावर जायचे असले तरी प्लॅटफॉर्म तिकीट घ्यावे लागते.

इंडिकेटर कसा वाचावा

फलाटावर लटकणाऱ्या पाटीला सगळे "इंडिकेटर" म्हणतात. त्यावर गाडी शेवटी कुठे जाणार याचे आद्याक्षर किंवा नाव, गाडीची वेळ, ती स्लो की फास्ट, आणि डबे १२ की १५ एवढी माहिती असते. इंग्रजी अक्षरांत "एस" म्हणजे स्लो आणि "एफ" म्हणजे फास्ट. मराठी घोषणेत यांनाच "धीमी" आणि "जलद" म्हणतात.

स्लो गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते. फास्ट गाडी मोठ्या स्टेशनांवरच थांबते आणि मधली गाळते. पश्चिम मार्गावर चर्चगेटहून निघालेली फास्ट साधारणपणे मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी अशी थांबत बोरिवलीकडे जाते. मध्य मार्गावर भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे हे फास्टचे नेहमीचे थांबे. मात्र प्रत्येक फास्टचे थांबे सारखे नसतात. काही गाड्या अर्ध्या वाटेपर्यंत फास्ट आणि पुढे स्लो असतात. म्हणून नवख्याने पहिल्या दिवशी स्लो गाडीच धरावी. दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, पण स्टेशन हुकत नाही. हार्बर मार्गावर हा प्रश्न येतच नाही, कारण तिथल्या गाड्या सगळीकडे थांबतात.

इंडिकेटरवर लिहिलेले गाव हे गाडीचे शेवटचे स्टेशन असते. आपले स्टेशन त्याच्या अलीकडे असेल तर ती गाडी चालते. घाटकोपरला जाणाऱ्याला ठाणे, कल्याण, कर्जत, कसारा यांपैकी कोणतीही स्लो लोकल चालेल. बदलापूरला जाणाऱ्याला मात्र कसारा लोकल चालणार नाही, कारण ती कल्याणहून दुसऱ्या फाट्यावर वळते. टिटवाळ्याच्या गणपतीला जायचे तर याच्या उलट: कसाऱ्याकडची गाडी हवी.

घोषणेत "अप" आणि "डाऊन" हे शब्द येतात. सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे येणारी गाडी अप, तिथून बाहेर जाणारी डाऊन. आयत्या वेळी फलाट बदलल्याची घोषणा होते आणि सगळी गर्दी पुलाकडे पळते. अशा वेळी पळू नये. वेळापत्रकासाठी मुंबईकर "एम-इंडिकेटर" हे ॲप वापरतात. त्यात दोन स्टेशनांची नावे टाकली की मधल्या सगळ्या गाड्या दिसतात.

कोणत्या डब्यात चढावे

बाहेरून सगळे डबे जवळजवळ सारखेच दिसतात आणि इथेच नवखे फसतात. गाडीत पुढीलप्रमाणे डबे असतात.

- सेकंड क्लास: बहुतेक डबे हेच. साध्या तिकिटावर इथेच बसायचे.
- फर्स्ट क्लास: डब्यावर लाल-पिवळे तिरपे पट्टे असतात. आतली बाके थोडी बरी असतात, पण गर्दीच्या वेळी इथेही उभेच राहावे लागते.
- महिलांचा डबा: डब्यावर स्त्रीचे चित्र असते. काही डबे दिवसभर महिलांसाठी राखीव असतात, तर काही ठरावीक वेळेपुरते. ती वेळ डब्यावर लिहिलेली असते. १२ वर्षांखालील मुलगा आईबरोबर या डब्यात जाऊ शकतो. रात्री इथे पोलीस असतो. महिलांना साध्या डब्यातही बसता येते, त्यामुळे जोडप्याने वेगळे होण्याची सक्ती नाही. वेगळे झाल्यास उतरायचे स्टेशन आणि भेटायची जागा आधीच ठरवावी.
- दिव्यांगांचा डबा: हा लहान असतो. कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनाही त्यात प्रवास करता येतो. उपचारासाठी मुंबईत येणाऱ्या अनेक कुटुंबांना ही सवलत माहीतच नसते आणि रुग्णाला घेऊन ती गर्दीच्या डब्यात उभी राहतात. रुग्णाची कागदपत्रे सोबत ठेवावीत.
- मालडबा: भाजीचे हारे, माशांच्या टोपल्या, गाठोडी घेऊन जाणाऱ्यांसाठी असतो. बाकीच्यांनी यात चढू नये, दंड होतो.

महिलांचा आणि फर्स्ट क्लासचा डबा कुठे थांबतो याच्या खुणा फलाटावर असतात. गाडी येण्याआधी त्या खुणेपाशी जाऊन थांबावे. १५ डब्यांची गाडी १२ डब्यांच्या गाडीपेक्षा लांब असते, त्यामुळे उभे राहायची जागाही थोडी बदलते. कळले नाही तर शेजारच्याला विचारावे. मोबाइलमधून मान वर न काढता का होईना, मुंबईकर उत्तर देतो.

गर्दीची वेळ टाळावी

सकाळी साधारण ८ ते ११ या वेळेत दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत परतीच्या. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला वेगळे नाव आहे, कारण एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. नव्या माणसाने या वेळात बॅगा घेऊन लोकलमध्ये शिरणे म्हणजे स्वतःचे आणि इतरांचे हाल करणे. पहाटेच्या गाडीने मुंबईत उतरलेल्याने ७ च्या आत लोकल धरावी, नाहीतर चहा-नाश्ता करून ११ नंतर निघावे.

विरुद्ध दिशेची गाडी मात्र त्या वेळातही तुलनेने रिकामी असते. सकाळी सीएसएमटीहून ठाण्याकडे जाणाऱ्याला जागा मिळू शकते.

मोठे सामान, रुग्ण किंवा लहान मुले सोबत असतील आणि गर्दीची वेळ असेल, तर त्या दिवशी टॅक्सीचे पैसे खर्च करणेच शहाणपणाचे.

चढणे, आतली रीत आणि उतरणे

गाडी आल्यावर दाराच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे, मग चढावे. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी. पाकीट आणि मोबाइल पुढच्या खिशात किंवा सॅकमध्ये ठेवावे. चालती गाडी कधीही पकडू नये.

आत गेल्यावर काही अलिखित नियम दिसतात. तीन माणसांच्या बाकावर चौथा माणूस टेकतो, त्याला "चौथी सीट" म्हणतात. बसलेले तिघे थोडे सरकून त्याला जागा देतात. उभा असलेला माणूस बसलेल्याला "कुठे उतरणार?" असे विचारतो. हा प्रश्न चौकशीचा नसून जागेचा असतो: तुम्ही उठाल तेव्हा ती जागा त्याची. ठरलेल्या गाडीत, ठरलेल्या डब्यात रोज भेटणारे गट असतात. त्यांची भजने चालतात, पत्ते चालतात, सणाला डबा सजतो. नवख्याला तिथे बिचकायचे कारण नाही.

दाराजवळ उभे असलेल्यांचीही एक रांग असते आणि तिला क्रम असतो. पुढच्या स्टेशनला उतरणारे दाराशी, त्यानंतरचे त्यांच्या मागे. म्हणून उतरायची तयारी दोन स्टेशने आधी सुरू करावी. समोरच्याला "दादरला उतरणार का?" असे विचारावे. तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहावे, "नाही" म्हणाला तर त्याच्यापुढे जावे. दादर, कुर्ला, अंधेरी, ठाणे अशा स्टेशनांवर हे पाळले नाही तर उतरणे जमत नाही, किंवा नको त्या स्टेशनवर गर्दीच बाहेर काढते.

फलाट कधी डावीकडे येतो, कधी उजवीकडे. "प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येईल?" हा प्रश्न रोज हजारो माणसे विचारतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

लांबच्या फास्ट गाडीत जवळच्या स्टेशनसाठी चढू नये, हाही एक संकेत आहे. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये अंधेरी किंवा बोरिवलीला उतरणारा चढला तर विरारचे प्रवासी नाराज होतात आणि उतरताना वाट मिळत नाही. अंधेरीला जाणाऱ्याने अंधेरी किंवा बोरिवली लोकल घ्यावी.

स्टेशन चुकले तर

उतरता आले नाही म्हणून घाबरू नये, साखळी ओढू नये आणि सुटलेल्या गाडीतून उडी तर मुळीच मारू नये. पुढच्या स्टेशनला उतरावे, तिथून तिकीट काढावे आणि पुलावरून पलीकडच्या फलाटावर जाऊन उलट दिशेची स्लो लोकल धरावी. या सगळ्यात जातात फार तर वीस मिनिटे. सोबतचा माणूस मागे राहिला तर दोघांनी काय करायचे हे आधी ठरवलेले असावे. सोपा नियम असा: पुढे गेलेला ठरलेल्या स्टेशनला उतरून फलाटावरच थांबतो आणि मागे राहिलेला पुढच्या गाडीने येतो.

एक उदाहरण: लोकमान्य टिळक टर्मिनस ते परळ

राज्याच्या वेगवेगळ्या भागांतून अनेक कुटुंबे परळच्या टाटा, केईएम आणि वाडिया रुग्णालयांत येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची गाडी लोकमान्य टिळक टर्मिनसला थांबते. तिथून परळला जायचा मार्ग असा:

१. टर्मिनसबाहेरून रिक्षाने कुर्ला स्टेशनला यावे.
२. परळचे तिकीट काढावे. सोबत कर्करोगाचा रुग्ण असेल तर दिव्यांगांचा डबा कुठे येतो ते विचारून तिथे थांबावे.
३. मध्य मार्गाची, सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल धरावी. हार्बरच्या फलाटावर जाऊ नये. हार्बरची गाडीही सीएसएमटीलाच जाते, पण परळला लागत नाही.
४. कुर्ल्यानंतर सायन, माटुंगा, दादर आणि मग परळ. दादर सुटले की उठून दाराशी यावे. दादरला बरीच गर्दी उतरते, त्यामुळे पुढे वाट मिळते.
५. चुकून फास्ट गाडीत बसल्यास दादरला उतरावे. तिथून स्लो लोकलने एकच स्टेशन, किंवा टॅक्सी.

सीएसएमटीला उतरलेल्यांनी तिथूनच कोणतीही स्लो लोकल घ्यावी. गाडी तिथून सुटत असल्याने बसायला जागा मिळते. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड आणि मग परळ.

मेट्रो, बस, रिक्षा आणि टॅक्सी

मेट्रोमुळे नवख्यांचे काम बरेच सोपे झाले आहे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. पश्चिम आणि मध्य मार्गांना ती आडवी जोडते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्टेशने आहेत. विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, बीकेसी, दादर, सिद्धिविनायक, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी, चर्चगेट आणि विधान भवन ही त्यांपैकी काही. मंत्रालयात जाणाऱ्याला विधान भवन स्टेशन जवळ पडते. मेट्रोचे भाडे लोकलपेक्षा जास्त आहे आणि लोकलचे तिकीट तिथे चालत नाही. पण दरवाजे बंद असतात, पाट्या स्पष्ट असतात आणि गाडी शांतपणे थांबते.

बेस्टच्या बसचे किमान भाडे मे २०२५ पासून साध्या बसला १० रुपये आणि एसी बसला १२ रुपये आहे. बसच्या पुढच्या पाटीवर क्रमांक मराठी आकड्यांत असतो, त्यामुळे मराठी वाचकाला सोपे जाते. बस कुठवर आली आहे ते "चलो" ॲपवर दिसते. घाई नसेल तर शहर बघायला बसइतके चांगले वाहन नाही.

रिक्षा फक्त उपनगरांत चालतात. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा मिळत नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहे. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत सव्वापट भाडे लागते. दोन्ही वाहने मीटरनेच घ्यावीत. अनेक स्टेशनांबाहेर शेअर रिक्षा आणि शेअर टॅक्सीच्या रांगा असतात. तिथे मीटर न लावता माणशी ठरलेले पैसे घेतात.

रविवार, रात्र आणि पाऊस

रविवारी रुळांच्या आणि विजेच्या तारांच्या दुरुस्तीसाठी "मेगाब्लॉक" असतो. दिवसाचे काही तास एखाद्या पट्ट्यात गाड्या बंद असतात, किंवा फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात. त्याची बातमी आदल्या दिवशी वर्तमानपत्रात आणि ॲपवर येते. रविवारी परीक्षा, विमान किंवा परतीची गाडी असेल तर ती बातमी वाचूनच निघावे.

रात्री साधारण एक ते चार या वेळेत लोकल बंद असतात. उशिरा पोचणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी.

पावसाळ्यात मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की सायन, कुर्ला भागात रुळांवर पाणी साचते आणि गाड्या खोळंबतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लाखो माणसे वाटेतच अडकली होती. जोरदार पावसाचा इशारा असलेल्या दिवशी लांबचा प्रवास टाळावा. निघावेच लागले तर पाणी, थोडे खाणे आणि मोबाइलला पुरेसे चार्जिंग असू द्यावे.

जिवाची काळजी

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. यातले सर्वाधिक मृत्यू रूळ ओलांडताना आणि त्याखालोखाल चालत्या गाडीतून पडून होतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीच्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण दगावले.

रोजच्या प्रवाशाला वेळेवर कामावर जायचे असते, म्हणून तो दारात लटकतो. पाहुण्याला ती सक्ती नाही. त्याने इतके पाळावे: रूळ ओलांडू नयेत, पुलानेच जावे. दारात उभे राहू नये, बाहेर डोकावू नये. पुलावर गर्दी तुंबली असेल तर खाली थांबावे. दाराशी मोबाइल काढू नये. रुळांशेजारी उभे राहून काठीने हातावर फटका मारणारे आणि पडलेला मोबाइल पळवणारे चोर असतात, त्यांना "फटका गँग" असेच नाव आहे. मदतीसाठी रेल्वेचा क्रमांक १३९ आणि रेल्वे पोलिसांचा १५१२.

निघण्यापूर्वी

उतरायच्या स्टेशनचे नाव, पूर्व की पश्चिम, आणि त्याच्या अलीकडच्या दोन स्टेशनांची नावे एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावीत. मोबाइलची बॅटरी संपली तरी चिठ्ठी राहते. अलीकडचे स्टेशन दिसले की उठायचे, एवढेच मग लक्षात ठेवावे लागते.

आणि फलाटावर उभे असताना गाडी खच्चून भरून आली, डबा सापडला नाही किंवा ती आपली आहे की नाही याची खात्री वाटली नाही, तर तिला जाऊ द्यावे. इंडिकेटरवर लगेच पुढच्या गाडीची वेळ लागते.